मज्जासंस्थेच्या पुनर्वसनाची मानवकेंद्री अभियांत्रिकी

पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, मेंदूला झालेली दुखापत किंवा कंपवात यांमुळे गेलेली हालचाल, वाचा वा तोल परत मिळवण्यास मदत करणारी उपकरणे रुग्णाचे रोजचे जगणे समोर ठेवून घडवण्याची पद्धत. मानवकेंद्री रचनेची सर्वसाधारण तत्त्वे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१-२१० या मानकात (२०१०, सुधारित २०१९) दिली आहेत. उपकरण कोण आणि कुठे वापरणार हे आधी समजून घ्यावे, वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून कामात घ्यावे आणि त्यांच्या अनुभवावरून रचना पुन्हापुन्हा सुधारावी, असा त्यांचा गाभा आहे.

पुनर्वसनात या तत्त्वांना वेगळे वजन येते, कारण इथे मेंदूला नव्याने शिकायचे असते आणि शिकणे घडते ते रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नातून. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘एमआयटी-मॅनस’ हा यंत्रमानव म्हणूनच मुद्दाम मऊ ठेवलेला होता. रुग्णाने पडद्यावरच्या ठिपक्याच्या दिशेने हात हलवला की तो वाट देतो, हात अडला तर आधार देतो. सगळे काम यंत्रानेच केले तर रुग्णाचे स्नायू नकळत आळसावतात. त्यामुळे ‘लागेल तेवढीच मदत’ हे नियंत्रणाचे सूत्र पुढे रूढ झाले.

तरीही उत्तम यंत्र पुरत नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या ‘रॅटल्स’ चाचणीत (२०१९) याच यंत्राने दिलेल्या प्रशिक्षणामुळे हाताच्या हालचालीचे गुण काहीसे सुधारले. पण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताने प्रत्यक्ष कामे करण्याची क्षमता वाढली नाही. हा निकाल निराशेचा नाही, दिशादर्शक आहे. सराव दवाखान्यातल्या पडद्यावरच्या ठिपक्यांशी जोडलेला राहिला, तर तो शर्टाच्या बटणापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

बारकावे निर्णायक ठरतात. एक हात लुळा असलेल्या माणसाला दोन हातांनी बांधायचा पट्टा एकट्याने बांधता येत नाही. ताठरपणाने मूठ आवळलेली असेल तर हातमोजा चढवण्यातच उपचाराची वेळ संपते. उजव्या मेंदूला इजा झालेल्या काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, म्हणून तिथे ठेवलेली खूण त्यांच्यासाठी नसल्यासारखी असते. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषा बोलणे-समजणे अवघड होणे) झालेल्यांना लेखी सूचनांपेक्षा चित्रे व प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडतात. थकवा तर जवळपास सर्वांनाच येतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

वापरणारा एकटा रुग्णच नसतो. भौतिकोपचारतज्ज्ञाला यंत्र जुळवायला फार वेळ लागला, तर ते कोपऱ्यात पडून राहते. घरी वापरायचे असेल तर ते रोज लावण्या-काढण्याचा भार घरच्यांवर येतो. त्यांचे मत चाचणीच्या शेवटी विचारणे ही उशिरा दाखवलेली सभ्यता होय.

झुरिचजवळच्या क्लोटेनमध्ये २०१६ साली भरलेल्या पहिल्या ‘सायबॅथलॉन’ स्पर्धेत अपंग स्पर्धकांनी अभियंत्यांच्या चमूंसोबत उतरून पायऱ्या चढणे, वस्तू हाताळणे अशी रोजची कामे उपकरणांच्या साहाय्याने करून दाखवली. प्रयोगशाळेत जमलेले घरात टिकते का, हे तपासण्याची ती कडक आणि योग्य रीत आहे.