राइड घ्यायची की क्रॅश? आधी दोन मिनिटं वाजवा

ड्रमसेटबरोबर आलेली पितळी झांज पत्र्यासारखी वाजते, म्हणून बरेच जण एक चांगली झांज घ्यायला येतात आणि क्रॅश, म्हणजे मधेच एकदा दणका द्यायची झांज, घेऊन जातात. दुकानात एकच ठोका मारून निवड केली की क्रॅशच जिंकते. शेजारची राइड, म्हणजे सलग ताल धरायची झांज, रुक्ष वाटते, शिवाय महाग.

पंधरा दिवसांनी तीच झांज गोणपाटात गुंडाळून परत येते. ‘आवाज फाटतोय, बदलून द्या.’ आम्ही स्टँडवर लावून बघतो, झांज ठणठणीत असते. मग गिऱ्हाइकाला म्हणतो, घरी वाजवता तसं वाजवा. काठीच्या टोकानं भरभर ताल सुरू होतो आणि पाचव्या-सहाव्या ठोक्याला नुसता ‘शूऽऽ’ उरतो. ठोके कुठे गेले, त्याचं त्यालाही कळत नाही.

क्रॅश पातळ असते, साधारण 16 ते 18 इंची. कडेला काठीचा खांदा (टोकामागचा निमुळता भाग) लागला की सगळी झांज एकदम थरथरते. आवाज झपकन उघडतो आणि लवकर विरतो. ध्रुवपदाला येताना एकदा मारायची, झालं. सलग वाजवलीत तर पहिला आवाज विरायच्या आत त्यावर दुसरा पडतो, आणि त्या कल्लोळात गाणाऱ्याचे शब्द बुडतात. राइड 20 ते 22 इंची, जाड आणि वजनदार. टोकाचा प्रत्येक ठोका ‘टिंग’ असा सुटा ऐकू येतो. मधल्या घुमटीवर मारलं तर घंटाच.

मग एकच परवडत असेल तर? ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवणार असाल, तर ताल बहुतेक हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, निघतो. तिथे आधी क्रॅश घेतली तरी चूक नाही. जॅझ शिकत असाल तर राइडशिवाय पान हलत नाही. दोन्ही कामं भागवणारी 18 इंची क्रॅश-राइडही मिळते, आम्हीही विकतो. शिकणाऱ्याला ती पुरते, पण वर्षभरात तुम्ही दुसरी मागायला याल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

धातूबद्दल थोडक्यात: बी-20 म्हणजे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील, तळपाय घासायच्या काशाच्या वाटीच्या कुळातलं. बी-8 मध्ये कथील 8 टक्के, किंमतही कमी. हातानं ठोकलेल्या एकाच मॉडेलच्या दोन झांजा सारख्या वाजत नाहीत, त्यामुळे फोटो बघून मागवण्यापेक्षा ऐकून घेतलेली बरी.

तालमीला वापरलेली झांज आम्ही परत घेत नाही, यावरून पुष्कळदा बोलणी खातो. दुकानात दोन मिनिटांत पडलेले काठीचे डाग फडक्यानं निघतात, पंधरा दिवसांचे निघत नाहीत. तशी झांज पुढच्या माणसाला नवी म्हणून कशी द्यायची? कडेला तडा गेला असेल तर बहुतेकदा वरचा नट करकचून आवळलेला असतो. झांज स्टँडवर डुलली पाहिजे. फेल्ट (झांजेच्या वर-खाली बसणारी मऊ चकती) आणि स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी आमच्याकडे सुटी मिळते, तेवढी बदलत जा.

येताना स्वतःच्या काठ्या आणा. राइड, क्रॅश दोन्ही लावून देऊ, हवं तेवढं वाजवा. फक्त दुपारी दोन ते चार नको, वरच्या मजल्यावरचे काका तेव्हा झोपतात.