कुंडीबाग

गॅलरी, गच्ची, खिडकीची जाळी अशा घरालगतच्या लहान उघड्या जागेत जमिनीऐवजी कुंडी, डबा, पिंप किंवा पिशवीत झाडे वाढवण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे तुळशी वृंदावन. अंगण गेले तशी तुळस चाळीच्या गॅलरीत, डालड्याच्या रिकाम्या डब्यात आली. तिच्या मागोमाग पानओवा, गवती चहा आणि पुदिनाही आला.

मातीत ओल आहे, पण हवाही खेळते आहे, अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. कुंडीत वाफसा टिकवणे हेच या बागकामाचे खरे कसब. शेतात जादा पाणी खाली झिरपून जाते आणि वर कोरड पडली तर मुळे खोल उतरतात. कुंडीत या दोन्ही वाटा बंद असतात. पाणी निथळून गेल्यावरही तळाची काही सेंटिमीटर माती चिंब राहते. त्यामुळे उथळ भांड्यात मुळे कुजण्याचा धोका उलट जास्त. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालायची रीत घरोघरी आहे. तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडते. चिंब पट्टा तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून.

देशावरची काळी माती शेतात कितीही गुणाची असली तरी कुंडीत नडते. ती ओलीने फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत येते आणि मातीचा गोळा आत कोरडाच राहतो. म्हणून लाल माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण वापरतात. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात क्षार असू शकतात; एकदोन पाण्यांनी धुऊन घेतलेला बरा. तो पाणी धरतो, पण झाडाला खायला त्यात फारसे काही नसते. नुसत्या कोकोपीटवर मिरची पोसत नाही.

गच्चीवर प्रश्न वजनाचा. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त माणसे, सामान यांचे वजन) दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. ओल्या मातीचा एक घनमीटर १,८०० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे गच्चीभर अवघा १० सेंटिमीटरचा थर पसरला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मोठी पिंपे भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवतात ती यासाठी. वाफे करायचेच असतील तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. माती कमी करणे हा दुसरा उपाय. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड वापरून गच्चीवर भाजीपाला घेतला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर बाग उभी राहिली. पालापाचोळा कुजून खाली बसतो, भर घालत राहावी लागते. मातीच्या मानाने तो हलका, हा मोठा फायदा.

जागा निवडताना दिशा पाहतात. मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर येते आणि मेथी, कोथिंबीर, पालक नेमक्या हंगामात साधतात. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब त्याच गॅलरीवर सावली धरतो. उत्तरेच्या गॅलरीत दुपारचे थेट ऊन मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच पोचू शकते, आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. तिथे टोमॅटोचा हट्ट धरू नये. अळू, पुदिना लावावा. फळभाज्यांना रोज पाचसहा तास ऊन हवेच. मायाळू आणि तोंडली ग्रिलवर चढतात, दोन्ही फांदी खोचून येतात. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाकी करून पेरतात.

मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जाते, म्हणून मे महिन्यात तिला दोन वेळा पाणी लागते, प्लॅस्टिकला कमी. कोकणपट्टीच्या पावसात नेमके उलटे होते. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावरच्या कुंडीतला नत्र त्यात धुऊन जातो आणि श्रावणात पाने पिवळी पडतात. त्या वेळी थोडे थोडे खत अनेकदा देतात, एकदम मूठभर नाही.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सर्वांत चिवट. जास्वंदीवर तो हमखास येतो. जोराच्या पाण्याने धुऊन निंबोळी तेलाची फवारणी करतात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून वाळवायची. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.