पित्ताची सूज आणि घराण्यात चालत आलेली सूज: सिझरच्या आधी एवढं तरी वेगळं करा

अंगावर पित्त उठणं सगळ्यांना ठाऊक आहे. कोळंबी खाल्ली, गांधी उठल्या, खाज सुटली, ओठ सुजले; एव्हिल दिलं, उतरलं. पुढे बोलण्यासारखं फार नाही.

हेरेडिटरी अँजिओएडिमाची, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या आजाराची सूज निराळी. गांधी नाहीत, खाज नाही. ओठ, हात, जननेंद्रियं तासागणिक फुगत जातात आणि दोन ते पाच दिवस तशीच राहतात. तरीही केसपेपरवर लाल शाईत ‘अ‍ॅलर्जी’ लिहून मोकळे होतात, तेव्हा डोकं फिरतं. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. घरात कोणाला अशी सूज यायची का, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

खरी गोम औषधात आहे. पित्ताची सूज शरीरातल्या हिस्टामिन या रसायनामुळे येते, ही ब्रॅडिकायनिन या दुसऱ्याच रसायनामुळे. सी-१ इनहिबिटर हे प्रथिन कमी पडलं की ब्रॅडिकायनिनला आवर राहत नाही आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. एव्हिल, डेक्सोना (स्टेरॉइड), अ‍ॅड्रेनलिन यांचा इथे भरवसा नाही. ‘एक डेक्सोना देऊन बघू’ म्हणत घालवलेला तास घशाच्या सुजेत परवडत नाही. द्यायचं ते सी-१ इनहिबिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कमी पडलेलं तेच प्रथिन. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून ते प्रथिन ज्यात असतं त्या फ्रेश फ्रोझन प्लाझ्माची (गोठवून ठेवलेल्या रक्तद्रवाची) सोय आधीच करून ठेवावी. (गांधी आहेत, बीपी कोसळतंय, तर अ‍ॅड्रेनलिन लगेच, तिथे घोळ घालू नका.)

गरोदरपणी याच आजाराने आतड्याला सूज आली की कळा, वार सुटणं, अपेंडिक्स, सगळ्यांच्या शंका येतात. ही सूज येऊ नये म्हणून एरवी देतात ते डॅनाझोल मात्र गरोदरपणी बंदच. पोटात मुलगी असेल तर तिच्यात पुरुषी बदल होऊ शकतात. गरोदरपणी सी-१ इनहिबिटरची पातळी एरवीही खाली येते, म्हणून त्या काळातली तपासणी बाळंतपणानंतर पुन्हा करावी.

नॉर्मल बाळंतपणाला प्रत्येकीला आधी सी-१ इनहिबिटरचा डोस लागत नाही, पण औषध लेबर रूममध्ये हवं. सिझरला मात्र आधीच द्यावं. भूल शक्यतो पाठीतली, कारण घशात नळी घालणं म्हणजे तिथल्या सुजेला आमंत्रण. नंतर निदान ७२ तास लक्ष ठेवायचं. घरी सोडताना बीपीसाठी एनालाप्रिल आणि पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून देऊ नका. दोन्हींनी हीच सूज उसळते.