ब्रेल पुस्तकांचं टपाल मोफत की सशुल्क? खिडकीवर मतभेद झाला तर काय करावं

ब्रेल पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा आकार. जाड कागद, उठावाचे ठिपके, आणि एका साध्या पुस्तकाचे तीन-चार खंड. असा गठ्ठा परदेशी पाठवायचा तर वजनाप्रमाणे तिकीट लावणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाईल. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टपाल करारात अंधांसाठीच्या टपालाला शुल्कमाफी आहे. पण खिडकीवर ही माफी मागितली की अनेकदा उत्तर येतं, ‘असं काही नसतं, वजन करा, पैसे भरा.’

मी काही वर्षं असे गठ्ठे पोस्टात नेऊन देतो. पहिल्या वेळी कारकुनाशी वाद घातला, आवाज चढला, मागची रांग खोळंबली आणि गठ्ठा परत घेऊन आलो. घरी येऊन नियम नीट वाचला तेव्हा कळलं की मी अर्धा बरोबर होतो आणि तोही अर्धा बरोबर होता.

तो नियम असा. जागतिक टपाल संघाची स्थापना १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे झाली. आज १९२ देश त्याचे सदस्य आहेत आणि त्यांच्यातलं परदेशी टपाल या संघाच्या करारानुसार चालतं. टपालशुल्कातून सूट देणाऱ्या कलमात अंधांसाठीच्या वस्तूंचा स्वतंत्र उल्लेख आहे. अंध व्यक्तीने पाठवलेलं किंवा अंध व्यक्तीला पाठवलेलं, तसंच अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पाठवलेलं किंवा तिला पाठवलेलं टपाल सर्व टपालशुल्कातून मुक्त आहे. म्हणजे पाठवणारा डोळस असला तरी चालतं, घेणारा पात्र असला की पुरे. ‘तुम्हाला तर दिसतंय, मग सूट कसली?’ हा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याचं उत्तर याच वाक्यात आहे.

आता कारकून बरोबर होता तो भाग. या सुटीला दोन मर्यादा आहेत. हवाई अधिभार सुटीत येत नाही. टपाल विमानाने पाठवायचं असेल तर त्याचा जादा आकार मागण्याचा टपालखात्याला अधिकार आहे. जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे जाणाऱ्या, म्हणजे सर्फेस टपालाला हा प्रश्न येत नाही. त्यामुळे खिडकीवर पहिलं वाक्य ‘हे सर्फेसने पाठवायचं आहे’ असं असावं. तुमच्या टपालखात्याने परदेशी सर्फेस सेवा बंद केली असेल, तर अधिभार माफ होतो का, हे त्या खात्याच्या नियमावलीत पाहावं लागतं.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेक वाद तिच्यावरूनच होतात. पाठवणाऱ्या देशाच्या अंतर्गत टपालात जे साहित्य या सवलतीला पात्र आहे, तेवढ्यापुरतीच परदेशी टपालात सूट मिळते. कराराची प्रत दाखवून ‘जगभर मोफत आहे’ असं म्हणणं म्हणूनच अपुरं पडतं. तुमच्या देशाची अंतर्गत नियमावली काय म्हणते, ते पान सोबत हवं. दोन्ही कागद एकत्र ठेवले की बोलणं पाच मिनिटांत संपतं, हा माझा अनुभव आहे.

पाकिटात काय चालतं? करारानुसार पत्रव्यवहार, कोणत्याही स्वरूपातलं साहित्य, ध्वनिमुद्रणं, आणि अंधत्वामुळे येणाऱ्या अडचणींवर मात करायला बनवलेली किंवा जुळवून घेतलेली साधनं. पूर्वी करारात नुसतं ‘अंधांसाठीचं साहित्य’ असा शब्द होता, आता ‘अंधांसाठीच्या वस्तू’ असा आहे. जुना शब्द मनात बसलेला कारकून ब्रेलची पाटी किंवा पांढरी काठी नाकारतो, ते यामुळे. अशा वेळी त्याला खोटं पाडू नका, सध्याच्या मजकुरातला शब्द दाखवा. वजनाची मर्यादा ७ किलो. साध्या पत्राची मर्यादा २ किलो असल्यामुळे काट्यावर ३ किलो दिसले की ‘हे पार्सलमध्ये जाईल’ असं ऐकू येतं. तेव्हा न चिडता सांगा की हा वेगळा वर्ग आहे आणि त्याची मर्यादा वेगळी आहे.

पाकीट चिकटपट्टीने गच्च बंद करू नका. आतला माल सुरक्षित राहिला पाहिजे, पण तो पटकन तपासताही आला पाहिजे, अशी अट आहे. पत्त्याच्या बाजूला पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचं चिन्ह असलेलं लेबल लावा. पत्ता रोमन लिपीत, आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत. आत पेनाने लिहिलेली चिठ्ठी किंवा जाहिरातीचा कागद घालण्याचा मोह टाळा, कारण काही देशांच्या नियमांत एवढ्यावरून सूट जाते. मजकूर सांगायचाच असेल तर तो ब्रेलमध्ये टाका किंवा ध्वनिमुद्रित करा.

कागदपत्रांचं म्हणाल तर पात्रतेचा दाखला काही टपालखाती मागतात, काही मागत नाहीत. मी नेहमी सोबत ठेवतो: संस्थेकडून जात असेल तर संस्थेच्या नोंदणीची प्रत आणि लेटरहेडवर चार ओळींचं पत्र, व्यक्तीकडे जात असेल तर त्या व्यक्तीच्या दृष्टिहीनतेच्या प्रमाणपत्राची प्रत. ही प्रत फक्त दाखवायची असते, ती पाकिटावर चिकटवू नये. दुसऱ्याच्या आजारपणाचा किंवा अपंगत्वाचा कागद वाटेत कुणाच्याही हाती पडू नये.

साधनं पाठवत असाल तर सीमाशुल्काचा फॉर्मही भरावा लागतो. किंमत ३०० एसडीआरपर्यंत असेल तर सीएन २२, त्याहून जास्त असेल तर सीएन २३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, त्याचा त्या दिवसाचा दर पाहून रक्कम ठरवावी. टपालशुल्क माफ झालं म्हणजे सीमाशुल्क माफ झालं असं नाही, ते घेणाऱ्या देशाच्या कायद्यावर ठरतं. आणि बोलणारं घड्याळ किंवा वाचनयंत्र असेल तर बॅटरीचा प्रश्न येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या टपालात चालत नाहीत. यंत्रात बसवलेल्या असतील तरच, त्याही मर्यादित संख्येत आणि टपालखात्याची परवानगी असेल तर घेतल्या जातात. इथे कारकुनाने ‘नाही’ म्हटलं तर त्याचं ऐका. हा नियम विमानातल्या माणसांच्या जिवासाठी आहे.

एवढं सगळं बरोबर असूनही नकार मिळाला तर? पहिला प्रश्न एकच विचारा: ‘कोणत्या नियमाखाली नाकारताय, तो मला दाखवाल का?’ हा प्रश्न शांतपणे विचारला तर दहापैकी निम्म्या वेळा कारकून स्वतःच पुस्तक उघडतो. तो टाळत असेल तर पोस्टमास्तरांना भेटायची विनंती करा. तिथेही जमलं नाही तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. अर्जात तारीख, वेळ, पाकिटाचं वजन, आतल्या वस्तूंची यादी, पाठवणारा आणि घेणारा यांची पात्रता, मागितलेली रक्कम आणि सांगितलेलं कारण लिहा. कारकुनाच्या वागण्याबद्दल चार ओळी लिहिण्यापेक्षा नियमाबद्दल एक ओळ लिहा: ‘अंधांसाठीच्या वस्तूंना टपालशुल्कातून मिळणारी सूट या प्रकरणात का लागू होत नाही, ते कृपया लेखी कळवावे.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पाठवणं तातडीचं असेल, कुणाची परीक्षा जवळ आली असेल आणि पुस्तक पोचलंच पाहिजे अशी वेळ असेल, तर पैसे भरा आणि पाठवा. पावती जपून ठेवा, परताव्याचा अर्ज नंतर करता येतो. नोंदणी करून पाठवलंत तर पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक लिहून घ्या: सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. नोंदणीचं पाकीट पोचलं नाही तर सीएन ०८ या फॉर्मवर चौकशी करता येते. पाकीट टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत ती करावी लागते आणि चौकशी पाठवणाऱ्याच्या पोस्टात नोंदवता येते. समुद्रमार्गे जाणाऱ्या गठ्ठ्याला महिने लागू शकतात, म्हणून मी चौथा महिना लागला की फॉर्म भरून टाकतो.