सामाजिक व लोकसंख्याविषयक पार्श्वभूमी (कोकणातील तरुण स्त्रियांची)

प्रजनन आरोग्याच्या पाहणीत सहभागी झालेल्या स्त्रियांचे वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, जात-धर्म, व्यवसाय, कुटुंबाचा प्रकार आणि उत्पन्न यांची नोंद. शोधनिबंधातला पहिला तक्ता बहुधा हाच असतो आणि वाचक तोच घाईघाईने उलटतो. पाळीच्या तक्रारी, रक्तक्षय, गर्भधारणा, गर्भनिरोधन यांविषयीचे पुढचे निष्कर्ष मात्र त्याच्याच आधाराने लावले जातात. ‘तरुण’ म्हणजे सामान्यतः १५ ते २४ वर्षांच्या.

कोकणात हा तक्ता भरताना पहिला पेच घरात नसलेल्या पुरुषाचा. २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. कोकणात मुलींचे फार कौतुक होते, असा अर्थ यातून काढणे भाबडेपणाचे ठरेल, कारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मुलींची संख्या इथेही मुलांपेक्षा कमीच आहे. मोठी पुरुषमाणसे मुंबईला गेली, इतकेच. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वस्त्यांतून ती आखाती देशांतही गेली.

घराचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवण्यासाठी ग्रामीण भागातही वापरली जाणारी बी. जी. प्रसाद यांची मोजपट्टी (१९६१) माणशी मासिक उत्पन्नावर चालते. चाकरमानी घरी पाठवतो ते पैसे मिळकतीत धरले, तर भागताना त्यालाही माणसांत धरायचे का? धरले तर घर एका वर्गात, वगळले तर कदाचित वरच्या. कुप्पुस्वामी यांची शहरी मोजपट्टी (१९७६) कुटुंबप्रमुखाचे शिक्षण व व्यवसाय विचारते. वाडीवर सासू किंवा सून घर चालवत असताना प्रमुख म्हणून नाव सांगितले जाते ते परळ-लालबागच्या खोलीत राहणाऱ्याचे. ‘विभक्त की एकत्र’ या प्रश्नाचेही तसेच: चुली दोन, पण गणपती एक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत (१९९२-९३, १९९८-९९) लग्न झालेल्या स्त्रियांनाच मुलाखतीत घेतले होते. अविवाहित मुली २००५-०६पासून आल्या. मुलाखतीच्या आदल्या रात्री जी स्त्री त्या घरात झोपली, तिचीच माहिती घेण्याचा या सर्वेक्षणाचा नियम आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत लक्षात घेता, लेकुरवाळी सून सासरच्या यादीत सापडत नाही, माहेरच्या यादीत पाहुणी म्हणून सापडते.

१८ वर्षांखालील मुलीला पाहणीत घ्यायचे तर पालकांची संमती लागते, शिवाय तिचा स्वतःचा होकारही. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने आसपासच्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा अभ्यास केला आहे. अशा मुलींशी बोलताना ‘मासिक पाळी’ या पुस्तकी शब्दापेक्षा ‘बाजूला बसणे’ किंवा ‘कावळा शिवणे’ लवकर कळते. आई ओटीवर बसली असेल, तर उत्तर तिच्या सोयीचे मिळते.

पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हे तक्त्यात क्वचितच लिहिलेले असते. गणपतीत आणि शिमग्यात बंद घरे उघडतात आणि मुंबईच्या सुना ‘स्थानिक’ होतात. रायगडमधील कातकरी वाड्यांत उलटे घडते: दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि लवकर लग्न झालेल्या तिथल्या मुली हिवाळ्यात केलेल्या यादीत ‘घर बंद’ एवढ्याच शेऱ्याने उरतात.