घरच्या टाकीत जायंट बेट्टा पाळणे

मुंबईत ज्याला सगळे सरसकट फायटर म्हणतात त्याच माशाची निवडून निवडून मोठ्या अंगाची केलेली जात म्हणजे जायंट बेट्टा. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, रेगन या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० साली दिलेलं. मूळ गाव थायलंड, आणि २०१९ साली त्या देशाने याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. साधा नर शेपटीसकट ५ ते ७ सें.मी. भरतो, जायंट चांगला पोसला तर १० सें.मी.च्या आसपास जातो. बहुतेक जायंट आखूड शेपटीचे म्हणजे प्लाकाट असतात, थाई भाषेत प्ला म्हणजे मासा आणि कात म्हणजे चावणं, नावातच स्वभाव आला.

क्रॉफर्ड मार्केटात बघाल तर हे नर प्लास्टिकच्या ग्लासात ओळीने मांडलेले असतात, पाणी औषधाने निळसर आणि दोन ग्लासांच्या मधे पुठ्ठा, कारण पुठ्ठा काढला की दोघं कल्ले फुगवून ग्लासवर धडका मारायला लागतात. तिथूनच गैरसमज सुरू होतो की याला बरणी पुरते. खरं आहे की याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि तो वर येऊन थेट हवा घेतो, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तग धरतो, पण तग धरणं म्हणजे मजेत राहणं नव्हे, आणि हवा वरून मिळाली तरी त्याच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पाण्यातच राहतो ना. थायलंडच्या भातखाचरातलं पाणी वीतभर खोल असेल, पण ते एकराएकरांत पसरलेलं असतं. लोक खोली बघतात, पसारा बघत नाहीत.

साध्या फायटरला निदान २० लिटर, जायंटला ४० लिटर धरावेत. आडवी लांब टाकी घ्यावी, उंच नको, कारण श्वासासाठी त्याला सारखं वर यावं लागतं. पाणी काठोकाठ भरायचं नाही, वर दोन-तीन बोटं हवा हवी आणि झाकण हवंच, हा मासा उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली सुकलेला सापडतो. फिल्टर स्पंजचा बरा, जोराच्या प्रवाहात तो दमतो. मासा आणण्याआधी टाकी तीन ते सहा आठवडे सायकल करायची, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया स्पंजात वसायला वेळ द्यायचा. इथेच सगळे घाई करतात. आणि ४० लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच ४० किलो वजन, तेव्हा भिंतीतल्या शोकेसच्या फळीवर ठेवू नका.

तापमान २५ ते २८ अंश लागतं, म्हणजे मुंबईची हवा याला मानवते, हीटर घ्यायची गरज सहसा पडत नाही. पण बेडरूममध्ये रात्रभर एसी २२ वर चालत असेल तर गोष्ट वेगळी. माझा पहिला नर एप्रिल महिन्यात, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, थंडीने तळाशी पडून राहिला आणि मी आपला रोगाची औषधं टाकत बसलो. शेवटी टाकी हॉलमध्ये नेली, दोन दिवसांत पठ्ठ्या खायला लागला.

पाण्याचं म्हणाल तर मुंबईच्या नळाला येणारं तानसा-भातसा धरणांचं पाणी मुळात मऊ, बेट्टाला चालण्यासारखं, अडचण क्लोरीनची. नळाचं पाणी अँटीक्लोरीनचे थेंब टाकून किंवा निदान दिवसभर उघड्या बादलीत ठेवून वापरायचं, आणि सोसायटीची टाकी धुतली असेल त्या दिवशी पाणी बदलायचंच नाही. आठवड्याला १०-१२ लिटर बदललं की झालं, म्हणजे एक बादली. पूर्ण टाकी घासून धुवायची हौस टाळा, त्यात बॅक्टेरियाही जातात.

दुकानात पाकिटात महाग मिळणारं कटप्पा लीफ म्हणजे आपल्या फुटपाथवरच्या देशी बदामाचं पान, तेच लाल होऊन गळणारं. वाळलेलं, डाग नसलेलं, औषध फवारणी न झालेल्या झाडाचं एक पान धुवून टाकलं की पाणी चहासारखं होतं, टॅनिनमुळे थोडं आम्लधर्मी होतं, आणि नराला पानाखाली पडून राहायला आवडतं. पाहुणे पाणी घाण आहे म्हणतात, म्हणू द्या.

खाणं मांसाहारीच. बेट्टाचे पेलेट दिवसातून दोनदा, चार-पाच दाणे, मधे कधी फ्रोझन ब्लडवर्म म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, आठवड्यात एक दिवस उपास. डासांच्या अळ्या तर त्याचं पक्वान्न, पण त्या घरात वाढवायला जाऊ नका, महापालिकेचा माणूस तपासायला आला की दंड होतो. जायंट अंगाने मोठा म्हणून लोक जास्त घालतात आणि मग पोट फुगून तो तिरका पोहायला लागतो. खवले पाइनकोनसारखे उभे राहिले तर ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा आजार समजा, त्यातून फार कमी वाचतात.

दुसरा नर एका टाकीत कधीच नाही, गप्पीसुद्धा जपून. आयुष्य साधारण दोन ते चार वर्षं, म्हणून पूर्ण वाढलेला आणण्यापेक्षा लहान घ्यावा. विणीच्या तयारीत आला की तो पाण्यावर फेसाचं घरटं करतो, मादी नसली तरी, बहुधा बदामाच्या पानाच्या काठाला. पाणी बदलताना ते मोडायला जिवावर येतं, मग पान हळूच एका कोपऱ्यात सरकवून पाइप दुसऱ्या टोकाला सोडायचा, आणि तो येऊन पाइपलाच कल्ले फुगवून दाखवतो.