शेपट्यांची दिशा आणि सौरघटाची वीज

सेंद्रिय सौरघटांचा, म्हणजे कार्बनी रेणूंच्या पातळ थरातून वीज मिळवणाऱ्या घटांचा, इतिहास बहुधा कार्यक्षमतेच्या टक्क्यांत सांगतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशातल्या किती ऊर्जेची वीज झाली यात. तो रेणूंच्या अंगाने सांगायला हवा असं मला वाटतं. टक्का वर चढला, त्याच्या आधी बहुतेक वेळा कुणीतरी पॉलिमरच्या साखळीत छोटासा फेरफार केलेला असे.

१९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडिनची वाफ दिली आणि त्यातून धातूसारखी वीज वाहू लागली. या कामाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या अशा पॉलिमरांना संयुग्मित पॉलिमर म्हणतात. पण पॉलिअ‍ॅसिटिलिन विरघळत नसे, वितळत नसे, हवेत खराब होई. पुढे अशा साखळ्यांच्या कण्याला कार्बनच्या लवचिक शेपट्या जोडण्यात आल्या आणि ते विरघळू लागले. द्रावणातून पातळ थर पसरवणं शक्य झालं ते यामुळेच.

प्रकाश पडल्यावर पॉलिमरमध्ये मोकळा इलेक्ट्रॉन मिळत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची बांधलेली जोडी तयार होते आणि ती जेमतेम १० नॅनोमीटर सरकून विझते. विझण्याआधी ती फोडायला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ अगदी जवळ हवा. म्हणून १९९५ मध्ये हीगर यांच्या गटाने पॉलिमर आणि फुलरीन, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढणारा कार्बनचा पोकळ गोळ्यासारखा रेणू, एकत्र मिसळूनच थर दिला. त्यासाठी फुलरीनलाही विरघळण्याजोगं रूप द्यावं लागलं होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पी३एचटी या पॉलिमरचा धडा. त्याचा कणा थायोफिनच्या, म्हणजे गंधक असलेल्या, कड्यांचा; प्रत्येक कड्याला सहा कार्बनांची एक शेपटी. जुन्या पद्धतीत त्या कुठल्याही दिशेने जोडल्या जात. शेजारच्या शेपट्या एकमेकींवर आदळत आणि कणा पिळवटून जाई. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत मॅककलो आणि रीकी यांनी स्वतंत्रपणे सगळ्या शेपट्या एकाच दिशेने बसवण्याची रीत काढली. अणू तेच, प्रमाणही तेच, तरी साखळ्या सपाट होऊन एकावर एक रचल्या गेल्या, प्रकाशशोषण लाल रंगाकडे सरकलं आणि विद्युतभार सहज धावू लागले. याच पॉलिमरने २००५ मध्ये कार्यक्षमता ४ ते ५ टक्क्यांवर नेली.

मात्र पी३एचटी ६५० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश जवळपास सोडूनच देतो, आणि व्होल्टेजही कमी मिळतं. त्यावर तोडगा म्हणून इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढणारे घटक आलटून पालटून गुंफलेले पॉलिमर आले. पुढे कण्यावर फ्लोरिन बसवलं गेलं. ते इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी खाली नेतं, म्हणून व्होल्टेज वाढतं. फ्लोरिन असलेल्या पीटीबी७ ने २०१० मध्ये ७.४ टक्के गाठले. २०१९ मध्ये चीनमध्ये पीएम६ या फ्लोरिनयुक्त पॉलिमरला फुलरीनऐवजी वाय६ हा रेणू जोडीला दिला, तेव्हा आकडा १५.७ झाला. इथे मोठा वाटा वाय६ चा होता, हे नोंदवायलाच हवं.

पण असे पॉलिमर बनवायला अनेक पायऱ्या लागतात आणि खर्च वाढतो. २०१८ मध्ये आलेला पीटीक्यू१० हा पॉलिमर मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. स्वस्त कच्चा माल, अवघ्या दोन पायऱ्या, आणि तरीही कार्यक्षमता १२ टक्क्यांच्या वर.